एका खिडकीचा प्रयोग

भूगोलाच्या सरांना नाटक बसवायचं नव्हतं. त्यांना फक्त भाषेच्या बाईंना एकदा उत्तर द्यायचं होतं.

झालं असं, की शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या बाईंनी वरून आलेलं एक परिपत्रक वाचून दाखवलं. आठवीच्या मुलांना नाट्यनिर्मितीतल्या वेगवेगळ्या कामांची ओळख पुस्तकातून न देता प्रत्यक्ष करायला लावून द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. नाटक म्हणजे फक्त राजा आणि त्याच्या मागे भाला धरून उभा असलेला शिपाई नव्हे. दिग्दर्शक, नेपथ्य उभारणारे, दिवे सांभाळणारे, कपडे शिवणारे, पडदा ओढणारे हे सगळे मुलांना कळले पाहिजेत. परिपत्रक चांगलं होतं. चांगल्या परिपत्रकाची पंचाईत एवढीच असते, की ते कुणाला तरी अमलात आणावं लागतं. सगळे शिक्षक आपापल्या कपातल्या चहाकडे असे निरखून पाहू लागले, की जणू तळाशी काहीतरी लिहून ठेवलंय.

"नाटक म्हणजे शेवटी भाषाच," भाषेच्या बाई सुस्कारा सोडून म्हणाल्या. "मलाच बघावं लागणार. इथे दुसऱ्या कुणाचा संबंध येतोय नाटकाशी?"

एरवी सरांनी हे सोडून दिलं असतं. पण पंधराच दिवसांपूर्वी सरांनी सूचनाफलकावर लावलेल्या सहलीच्या सूचनेतल्या दोन वेलांट्या बाईंनी लाल पेनाने सुधारल्या होत्या आणि खाली तारखेसह सही केली होती. ती सूचना अजून तिथेच होती. सर रोज तिच्या समोरून मान दुसरीकडे वळवून जात. अशा माणसाच्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नसतो.

"माझा आणि रंगभूमीचा जुना संबंध आहे," सर म्हणाले.

बैठक तिथेच संपली. मोठ्या बाईंनी परिपत्रकावर सरांचं नाव लिहिलं.

"कसला जुना संबंध?" संध्याकाळी बायकोने विचारलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि कुठल्याही विधानाकडे नमुना म्हणून पाहायची तिला सवय होती.

"कॉलेजात. एका नाटकात होतो मी."

"काय होतात?"

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "पडद्याच्या दोरीवर," ते म्हणाले.

"किती प्रयोग झाले?"

"एक." आणि मग, प्रामाणिक माणूस असल्यामुळे, "तोही पूर्ण नाही," असं त्यांनी जोडलं.

बायकोने नुसती मान डोलावली. लॅबमध्येही अहवाल हाती आल्यावर ती पेशंटशी फार बोलत नसे.

पण सर मुळात पद्धतशीर माणूस. सव्वीस वर्षं नकाशे शिकवलेला. शनिवारच्या पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एकेक खातं लिहिलं: दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा, प्रॉपर्टी, प्रसिद्धी, रंगमंच व्यवस्थापन. वर्गात चौतीस मुलं होती. कुणाला काय करायचंय ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यायचं होतं. सरांचा अंदाज होता की निम्मी तरी पोरं 'दिग्दर्शक' लिहितील आणि भांडणं होतील. तसं झालं नाही. दिग्दर्शन मागणारी एकच मुलगी निघाली. तिला वर्गात सगळे 'आजी' म्हणत, कारण ती तेरा वर्षांची असून बोलायला लागली की समोरच्याला आपण स्वेटर घातलेला नाही असं वाटायला लागे. दिव्यांसाठी एक मुलगा आला. वर्गातली ट्यूबलाइट एका टिचकीत चालू करून देत असल्यामुळे त्याचं नाव 'बटण' पडलं होतं. बाकीचेही आपापल्या चौकोनात गुण्यागोविंदाने जाऊन बसले.

उरली शेवटच्या बाकावरची एक मुलगी. दोन वर्षांत तिचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. हजेरीलाही ती नुसता हात वर करी. पोरं तिला 'म्यूट' म्हणत आणि ती ऐकून घेई. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'जे उरेल ते.'

उरलं होतं रंगमंच व्यवस्थापन. म्हणजे कोण कुठे आहे, कधी यायचं, दिवा कधी, आवाज कधी, हे सगळं एका वहीत लिहून ठेवायचं आणि विंगेत उभं राहून ते घडवून आणायचं. सरांना वाटलं, वही सांभाळायचं गरीब काम आहे, तिला जमेल. त्यांनी तिला एक लांबट वही दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि पहिल्या पानावर समास आखायला सुरुवात केली.

तास संपता संपता बटणाने हात वर केला. "सर, नाटकात काम कोण करणार?"

सर फळ्याकडे पाहत राहिले. नऊही चौकोन भरलेले होते. नटाचा चौकोन आखायचाच राहून गेला होता.

"नट काय," सर खडू झटकत म्हणाले, "नट कुणीही मिळेल."

नाटक मुलांनीच लिहिलं. आजीने सांगितलं आणि दोघांनी उतरवून घेतलं. एक माणूस एकटा राहतो. तो कुणाशी बोलत नाही. त्याच्या खोलीची खिडकी कैक वर्षं उघडलेली नाही. एके दिवशी त्याला ती उघडावीशी वाटते आणि ती उघडत नाही. खालून जाणारे शेजारी आवाज देऊन सल्ले देतात: तेल घाला, वरून दाबा, बाजूने ठोका. शेवटी खिडकी उघडते आणि तो पहिल्यांदा शेजाऱ्यांशी बोलतो. पंधरा मिनिटांचा खेळ. पात्र रंगमंचावर एकच. बाकीचे सगळे बाहेरचे आवाज, आणि ते ध्वनीखात्याकडे. सरांना हे फार आवडलं. नट एकच शोधायचा होता.

मग प्रत्येक खातं आपापल्या वाटेने निघालं.

प्रॉपर्टीखात्याला जुनी आरामखुर्ची, टेबललॅम्प आणि गजराचं घड्याळ हवं होतं. "खऱ्या वस्तू आणा," असं सरांनीच सांगितलं होतं, आणि मुलांना माहीत असलेलं, अशा वस्तू असणारं घर एकच होतं. तीन मुली रीतसर नोंदवही घेऊन सरांच्या दारात उभ्या राहिल्या. सर अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन पाहतात तो आरामखुर्ची जिन्यावरून खाली चाललेली.

"प्रॉपर्टी घेऊन गेल्या," बायको म्हणाली. "माझी सही घेतली. इतकी वर्षं मी विचारत होते, या घरात प्रॉपर्टी माझ्या नावावर काय आहे. आज कळलं."

पुढचे सहा आठवडे सरांनी वर्तमानपत्र स्टुलावर बसून वाचलं.

वेशभूषाखात्याची अडचण वेगळी होती. त्यांना माणसाचा कोट शिवायचा होता आणि माणूस ठरलेला नव्हता. पण ही मुलं गणितात हुशार होती. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत येऊन अकराही पुरुष शिक्षकांची मापं घेतली, छाती, बाही, खांदा, उंची सगळ्यांची बेरीज करून अकराने भागलं आणि त्या सरासरी मापाचा कोट बेतला. कुणाही जिवंत माणसासाठी न शिवलेला तो कोट वर्गात खिळ्यावर लटकू लागला.

खरी गोची खिडकीत झाली. आधी ती पुठ्ठ्याची करायचं ठरलं होतं. पण सरांच्या शेजारच्या घरात एक निवृत्त ओव्हरसियर राहत. त्यांनी हयातभर सरकारी इमारतींची दारं-खिडक्या बसवल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या घराकडे दुःखाने पाहत असत. जिन्यात सरांना गाठून ते म्हणाले, "मास्तर, पुठ्ठ्याची खिडकी? मुलांना खोटं शिकवणार तुम्ही?"

"काका, नाटक आहे ते."

"असू दे की. नाटकात भिंत पडली तर खरंच डोकं फुटतं ना?"

दुसऱ्या शनिवारी ओव्हरसियर काका हत्यारांची पेटी घेऊन शाळेत हजर झाले. नेपथ्याच्या मुलांना त्यांनी करवत धरायला, काटकोन पाहायला, बिजागरी बसवायला शिकवलं. मुलं त्यांच्यावर जीव टाकू लागली. लाकूड हॉलच्या मागे पडलेल्या दोन मोडक्या बाकांचं मिळालं. खिडकी दोन पाखांची, म्हणजे दोन झडपांची, कडीकोयंड्यासकट, अशी भक्कम झाली की तिच्यासाठी मागे खोली बांधावी असं वाटावं.

सोमवारी हेडक्लार्क वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. हातात भलंमोठं रजिस्टर होतं.

"सर, बाक क्रमांक एकेचाळीस आणि बेचाळीस कुठे आहेत?"

"ते मोडके होते, भाऊसाहेब."

"मोडके आहेत हे मला माहीत आहे. कुठे आहेत ते विचारतोय. डेडस्टॉकच्या रजिस्टरात आहेत ते. समितीने बाद केल्याशिवाय ते मोडता येत नाहीत."

"पण ते आधीच मोडलेले—"

"आपोआप मोडणं वेगळं आणि मोडणं वेगळं," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं, खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

त्यांच्याशी झालेली चर्चा दोन तास चालली. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त जगातली प्रत्येक वस्तू रजिस्टरात जिथे आहे तिथेच जगातही असावी असं वाटे. समितीची बैठक भरायला अध्यक्ष लागत, आणि अध्यक्षांची बदली होऊन चार वर्षं झाली होती. शेवटी त्यांनीच तोड सुचवली आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे सरांनी अर्ज लिहिला: 'बाक क्र. ४१ व ४२ हे शैक्षणिक कारणास्तव तात्पुरते खिडकीच्या स्वरूपात ठेवण्यास परवानगी मिळावी.' अर्जात वेलांटीची चूक होऊ नये म्हणून सरांनी तो तीनदा तपासला. परवानगी मिळाली. अट एकच होती : दोन्ही पाखांवर बाकांचे क्रमांक स्पष्ट दिसले पाहिजेत. म्हणून नाटकातल्या त्या एकट्या माणसाच्या खिडकीवर एका बाजूला ४१ आणि दुसऱ्या बाजूला ४२ असे पांढरे आकडे आले.

या काळात प्रसिद्धीखातं स्वस्थ बसलं नव्हतं. पोस्टर लावायला नाटक तयार असावं लागत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. बेकरीत, इस्त्रीच्या दुकानात, दवाखान्याच्या दारावर त्यांची पोस्टरं लागली. तारीख, वेळ, स्थळ, सगळं ठळक. 'नट' या शब्दापुढे 'लवकरच' असं लिहिलं होतं. एक पोस्टर मोठ्या बाईंनी पाहिलं आणि कौतुकाने शिक्षणाधिकाऱ्यांना निमंत्रण धाडलं. ते येतो म्हणाले. आता मागे फिरायचा रस्ता राहिला नाही.

नटाचा शोध सुरू झाला. भाषेच्या बाईंनी घसा दाखवला. खेळाचे सर तयार झाले, पण मजकूर पाठ करायचा असतो हे कळल्यावर त्यांची पाठ धरली. वर्गातल्या कुणी आपलं खातं सोडायला राजी होईना. "मी गेलो तर दिवे कोण बघणार?" बटण म्हणाला, आणि ते खरंच होतं. प्रयोगाला आठ दिवस उरले तेव्हा आजीने वर्गाची सभा बोलावली. सर मागे हात बांधून उभे होते.

म्यूट उठली. तिने वही उघडून सरांसमोर धरली. एका पानावर चौतीस नावं होती आणि प्रत्येकापुढे काम. सर्वांत खाली पस्तिसावी ओळ होती: 'सर'. पुढे आडवी रेघ.

सरांनी पान वाचलं. गेले कित्येक आठवडे आपण भयंकर कामात आहोत असं त्यांना वाटत होतं. पण काम म्हणून काय, हे सांगायला गेलं तर खरंच काही सांगता येईना.

"मी मार्गदर्शक आहे," ते म्हणाले.

"ते झालं, सर," आजी मायेने म्हणाली. "आता मोकळेच आहात ना तुम्ही."

वेशभूषेच्या मुलांनी खिळ्यावरचा कोट आणून त्यांच्या अंगावर चढवला. बाही मनगटावर थांबली. खांदा खांद्यावर बसला. गुंड्या लागल्या. कुठे एक चुणी नाही. सर तंतोतंत सरासरी निघाले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या गणिताचा ताळा जमला होता. सर मात्र आरशात स्वतःकडे बराच वेळ पाहत राहिले. आपण चारचौघांसारखे आहोत हे माणसाला ठाऊक असतं, पण ते कुणी इतकं मापून सांगत नाही.

तालमी सुरू झाल्या आणि सरांच्या मानाचा उरलासुरला भागही कामी आला. पहिल्या दिवशी ते चार मिनिटं उशिरा पोचले. म्यूटने घड्याळ पाहून वहीत काहीतरी लिहिलं. सरांनी वाकून पाहिलं तर तिथे 'नट – ४ मि. उशीर' असं होतं. त्यांनी हेडक्लार्कांनी कसं अडवलं ते समजावून सांगायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली, पण खोडलं काही नाही.

वाक्यं पाठ होईनात. उपनद्या विसरणाऱ्या मुलांना सरांनी आजवर पाच-पाच वेळा लिहायला लावलं होतं. आता 'ही खिडकी माझ्या वडिलांनी बसवली' एवढं वाक्य त्यांच्या तोंडून कधी 'हे वडील माझ्या खिडकीने' असं बाहेर पडे. "सर, तुम्ही शिकवताय," आजी म्हणे. "तो माणूस कुणाला शिकवत नाहीये. त्याला खिडकी उघडायची आहे, तेवढंच." घरी बायको भाजी निवडता निवडता शेजाऱ्यांची वाक्यं वाचून दाखवी. ती ती वाक्यं अहवाल वाचावा तशी वाची, त्यामुळे "तेल घाला" हेसुद्धा आता आशा नाही अशा सुरात येई. पण पाठांतर झालं.

प्रयोगाचा दिवस उजाडला. दुपारी तीनची वेळ. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत शिक्षणाधिकारी, मोठ्या बाई, भाषेच्या बाई. दुसऱ्या रांगेत ओव्हरसियर काका इस्त्रीच्या शर्टात आणि त्यांच्या शेजारी मांडीवर रजिस्टर घेऊन हेडक्लार्क. सरांची बायको लॅबमधून परस्पर आली होती आणि कडेला बसली होती.

सर विंगेत उभे होते. शेजारी म्यूट वही उघडून उभी होती. तिने सरांकडे पाहिलं, कॉलरची दुमडलेली बाजू सरळ केली आणि हाताने खूण केली. पडदा उघडला.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी त्या क्षणी फक्त एका माणसाला ठाऊक होती. नाटकात खिडकी बारा मिनिटं उघडायची नव्हती. त्यासाठी मुलांनी चौकटीत एक पाचर ठोकून ठेवली होती. शेवटी सर ती हळूच काढणार होते. पण ओव्हरसियर काकांना रात्रभर झोप लागली नव्हती. आपण केलेली खिडकी चारशे माणसांसमोर अडकणार, आणि लोक म्हणणार ही यांनी केली. तीस वर्षांत त्यांची एकही खिडकी अडकली नव्हती. सकाळी हॉलमध्ये कुणी नसताना ते आले, पाचर काढली, कडा रंध्याने घासली, बिजागऱ्यांत तेल सोडलं आणि समाधानाने घरी गेले.

सर आरामखुर्चीतून उठले. पहिलं वाक्य बरोबर आलं. दुसरंही आलं. ते खिडकीपाशी गेले, "कैक वर्षांत उघडली नाही," असं म्हणाले आणि दोन्ही हातांनी जोर लावला.

दोन्ही पाखं लोण्यासारखी उघडली आणि बाहेरच्या भिंतींवर जाऊन धाडकन आदळली.

नाटक सुरू होऊन दीड मिनिट झालं होतं. बटणाच्या कागदावर 'खिडकी उघडते : सकाळ' असं लिहिलेलं असल्यामुळे त्याने सकाळ केली. ध्वनीखात्याने पाखरं सोडली. पडद्याच्या दोरीवरच्या मुलाने नाटक संपलं असं समजून दोरी ओढायला घेतली. आणि सर उघड्या खिडकीसमोर, सरासरी मापाच्या कोटात, हात पुढे करून उभे राहिले. त्यांच्या डोक्यात एकही वाक्य नव्हतं.

म्यूटने एक हात दोरीवर ठेवला. पडदा थांबला. तिने वही मिटली. मग आजवर कुणी न ऐकलेला एक स्वच्छ आवाज विंगेतून हॉलभर ऐकू आला:

"अहो, ती खिडकी लावून घ्या जरा. आमच्याकडे आवाज येतो."

सरांनी मान वळवली. विंगेत ती त्यांच्याकडेच पाहत होती. तिने मान हलवून खिडकीकडे खूण केली.

"लावतो," सर म्हणाले आणि पाखं ओढू लागले.

ती लागेनात. एवढी आदळल्यावर चौकट खाली बसली होती आणि पाखं एकमेकांवर चढत होती. हे काही नाटक नव्हतं. सरांना खरोखरच खिडकी लावायची होती आणि ती लागत नव्हती. ते डावीकडून ओढत, उजवीकडून ढकलत, मध्येच दम खाऊन कोटाची बाही वर सारत. प्रेक्षकांत खसखस पिकली. ध्वनीखात्यातल्या मुलांच्या लक्षात आलं की आपली वाक्यं जशीच्या तशी चालतात. "तेल घाला," एक आवाज आला. "घातलंय," सर कळवळून म्हणाले, कारण त्यांचे हात तेलाने माखले होते. "वरून दाबा." "बाजूने ठोका."

"मास्तर, ठोकू नका," दुसऱ्या रांगेतून ओव्हरसियर काका उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "खालून उचलून घ्या. चौकट बसलीय तिची."

"जोर लावू नका, सर," हेडक्लार्क रजिस्टर छातीशी धरून म्हणाले. "ते बाक आहेत."

हॉल हसून लोटपोट झाला. भाषेच्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. शिक्षणाधिकारी मागे वळून, मान उंचावून पाहू लागले की प्रेक्षकांत अजून कुठे कुठे नट बसवलेत. काका रांगेतून बाहेर पडून पायऱ्यांकडे निघाले, तेव्हा विंगेतून तोच आवाज आला. "काका, वर येऊ नका. जिन्यात अंधार आहे. तिथूनच सांगा." काका नाटकातल्या अंधाराला घाबरून जागच्या जागी उभे राहिले आणि तिथूनच सांगू लागले. ते सांगत, सर करत, हेडक्लार्क हळहळत. अशी दहा-बारा मिनिटं गेली. खिडकी लागली नाही.

शेवटी सर थकले. ते खिडकीला टेकून उभे राहिले. "नाही लागत," ते म्हणाले. तेही खरंच होतं. "आजूबाजूला सगळ्यांना त्रास होतोय माझा. माफ करा."

हॉल गप्प झाला. सरांना पुढे काय ते माहीत नव्हतं. म्यूटलाही माहीत नसावं.

मग ती म्हणाली, "राहू द्या उघडी. तुमच्या दिव्याचा उजेड आमच्या जिन्यावर पडतो."

बटणाला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने सकाळ हळूहळू मालवली, एकेक दिवा करून. टेबललॅम्प तेवढा राहिला. त्याचा पिवळा उजेड उघड्या खिडकीतून बाहेर पडला. सर आरामखुर्चीत जाऊन बसले आणि त्या उजेडाकडे पाहत राहिले. म्यूटने दोरीवरचा हात काढला. पडदा सावकाश मिटला.

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. शिक्षणाधिकाऱ्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं की प्रेक्षकांतून पात्रं उभी करायची कल्पना फार धाडसी आहे आणि ते रजिस्टरवाले गृहस्थ विशेष सहज वाटले. हेडक्लार्क त्या दिवशी प्रथमच रजिस्टर हॉलमधल्या खुर्चीवर विसरून घरी गेले. ओव्हरसियर काका खिडकीपाशी उकिडवे बसून नेपथ्याच्या मुलांना चौकट कशी बसते ते समजावत होते, आणि पाचरीची कबुली त्यांनी मुलांपाशीच दिली. भाषेच्या बाई सरांपाशी आल्या. "उच्चार बरे होते," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कुणाला कधी मिळालेलं नव्हतं.

"नमुना कसा आहे?" सरांनी बायकोला विचारलं.

"सगळं नॉर्मल," ती म्हणाली, आणि त्यांच्या हाताचं तेल आपल्या रुमालाने पुसलं.

सोमवारी आठवीला भूगोलाचा तास होता. धडा समुद्रप्रवाहांचा. सर नेहमीप्रमाणे फळ्याकडे तोंड करून बाण काढत बोलू लागले. उष्ण प्रवाह कुठून निघतो, थंड प्रवाह त्याला कुठे भेटतो. पाच मिनिटं झाली असतील. त्यांनी वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावर हात वर होता.

"बोल," सर म्हणाले.

म्यूट उभी राहिली. "सर, इथे ऐकू येत नाही."

"आज?"

"कधीच नाही, सर."

शेवटच्या तीन रांगांनी एकदम माना डोलावल्या. सरांच्या हातातला खडू खाली आला. सव्वीस वर्षांत किती शेवटच्या रांगा झाल्या असतील याचा ते हिशेब करू लागले आणि मध्येच त्यांनी तो सोडून दिला.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

तिने जरा विचार केला. "इतके दिवस ते माझं काम नव्हतं, सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

सरांनी फळा पुसला. मग वर्गाकडे तोंड करून, पाठ ताठ करून, भिंतीवरच्या शेवटच्या खुंटीकडे पाहत त्यांनी समुद्रप्रवाह पहिल्यापासून पुन्हा सुरू केले. आवाज व्हरांड्यात पोचला. शेजारच्या वर्गातल्या भाषेच्या बाई क्षणभर थांबल्या असं वाटलं. पहिल्या बाकावरच्या दोघांनी हळूच आपला बाक मागे सरकवला, आणि शेवटच्या बाकावर कुणीतरी वही उघडून समास आखायला घेतला.